कॅथोडला दोषी ठरवण्याआधी: थकलेला लिथियम-आयन सेल उघडून कसा तपासायचा

"कॅथोडची स्फटिकरचना ढासळली आहे," असं मी एका अहवालात छातीठोकपणे लिहिलं होतं. पुरावाही जोडला होता. शेकडो चार्ज-डिस्चार्ज फेऱ्या झालेल्या एनएमसी ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१) सेलमधला कॅथोड, म्हणजे धन इलेक्ट्रोड, त्याचा एक्स-रे विवर्तनाचा आलेख, आणि त्यात नव्या कॅथोडच्या तुलनेत डावीकडे सरकलेलं (००३) शिखर, जे थरांमधलं अंतर सांगतं. आमच्या सरांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "याला लिथियम परत देऊन पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. दिलं, तर शिखर निमूटपणे आपल्या जागी येऊन बसलं. कॅथोड धडधाकट होता. त्याच्या वाट्याचं लिथियम ॲनोडवरच्या (समोरच्या ऋण इलेक्ट्रोडवरच्या) थरात अडकून पडलं होतं, आणि मी उपाशी माणसाला आजारी ठरवून मोकळी झाले होते.

तेव्हापासून सेल उघडायचा म्हटलं की मी सगळं काम एकाच प्रश्नाभोवती रचते. क्षमता गेली ती लिथियम हरवलं म्हणून, की ते ठेवायला कॅथोडमध्ये जागाच उरली नाही म्हणून? खालची पद्धत त्यासाठीच आहे. ग्लव्हबॉक्स (आर्गॉन भरलेली हवाबंद पेटी), बारीक प्रवाहाने चार्ज-डिस्चार्ज करणारा सायकलर आणि एक्स-रे यंत्र हाताशी असलेल्यांनी ती वापरावी. घरच्या टेबलावर कुणी सेल फोडायला बसू नये.

आधी शोधायचं काय ते ठरवा

एनएमसीसारख्या थरांच्या कॅथोडमध्ये ऑक्सिजनच्या पातळ्यांच्या मध्ये एकाआड एक थर असतात: एक धातूंचा, एक लिथियमचा, पुन्हा धातूंचा. चार्ज करताना लिथियम बाहेर पडतं. थोडं गेलं की समोरासमोरचे ऑक्सिजन एकमेकांना रेटतात आणि थरांमधलं अंतर वाढतं. फारच गेलं की तेच अंतर झपकन आक्रसतं. निकेल जास्त असलेल्या कॅथोडमध्ये हे आक्रसणं लिथियमच्या तुलनेत ४.२ व्होल्टच्या आसपास होतं, आणि सेल वरपर्यंत भरला की प्रत्येक फेरीत होतं. कॅथोडची दहाएक मायक्रॉनची गोळी म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा गठ्ठा असतो, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. सगळे आपापल्या दिशेने आक्रसले की सांधे उकलतात. ही झाली भेग.

दुसरी गोष्ट निकेलची. दोन धनभारांच्या निकेल आयनची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. मापं इतकी जवळची की रिकाम्या पडलेल्या लिथियमच्या घरात निकेल शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. तिथून ऑक्सिजन निसटतो, मग थरांची रचना आधी स्पिनेलसारखी आणि शेवटी रॉक सॉल्टसारखी, म्हणजे मिठाच्या स्फटिकासारखी, वेगळे थर न उरलेली होते. त्या कवचातून लिथियमला जाता-येता त्रास होतो. आणि हे तिन्ही एकमेकांना हात देतात. भेग पडली की इलेक्ट्रोलाइट (सेलमधला द्रव) आत झिरपतो, त्याला नवा कोरा पृष्ठभाग मिळतो, तिथेही कवच चढतं.

लक्षात ठेवायचं ते हे, की भेग, निकेलची घुसखोरी आणि कवच या तिन्हींना वेगवेगळी साधनं लागतात. एका आलेखात तिन्ही दिसत नाहीत.

सेल बंद असतानाच बरंच कळतं

सेल २५ अंशांना ठेवा आणि भरायला वीस तास लागतील इतक्या मंद प्रवाहाने एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज करा. शक्यतो त्याच जातीचा, फक्त फॉर्मेशनच्या, म्हणजे कारखान्यातल्या सुरुवातीच्या फेऱ्या झालेला एक ताजा सेलही शेजारी लावा. त्याच्याशिवाय पुढचं काहीच बोलता येत नाही. मिळालेल्या माहितीतून डीक्यू-डीव्ही आलेख काढा, म्हणजे व्होल्टेजच्या प्रत्येक बारीक पायरीला किती भार आत गेला त्याचा.

निकेलबहुल कॅथोड आणि ग्रॅफाइटच्या सेलमध्ये ४.१ व्होल्टच्या आसपास जे शिखर दिसतं, ते मघाच्या आक्रसण्याचं. माझी नजर आधी तिकडे जाते. क्षमता उतरली आहे पण हे शिखर तेवढंच उंच आहे आणि पडझड खालच्या व्होल्टेजच्या शिखरांत दिसते आहे, तर संशय लिथियम हरवल्याचा. हेच शिखर खुजं झालं असेल तर कॅथोडकडे बोट दाखवायला जागा आहे. शिखर साधारण तसंच आहे, पण चार्जमध्ये उजवीकडे आणि डिस्चार्जमध्ये डावीकडे सरकलं आहे, तर रोध वाढला आहे.

यातलं काहीही निकाल म्हणून लिहू नका. हा फक्त संशय आहे. पण कोणत्या सेलला कात्री लावायची आणि कोणता अजून चालू ठेवायचा, हे यावरून ठरतं.

उघडताना

सेल उत्पादकाने दिलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत मंद प्रवाहाने रिकामा करा आणि त्या व्होल्टेजला धरून ठेवा. त्याच्या खाली मात्र ओढू नका. फार खाली गेलं की ॲनोडचं तांबं विरघळायला लागतं आणि पुढे कॅथोडवर तांबं सापडलं की आपण भलतीच गोष्ट रचत बसतो. शेवटचं व्होल्टेज, वेळ आणि तापमान वहीत लिहा. आत्ताच लिहा. दोन महिन्यांनी एक्स-रेचा आलेख समोर असताना "हा कितीवर उघडला होता?" या प्रश्नाला उत्तर नसलं, तर तो आलेख फेकून द्यावा लागतो. मी फेकला आहे.

ग्लव्हबॉक्समध्ये पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली हवेत. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाण्याला भेटलं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. त्याची चटका बसण्याआधी जाणीवही होत नाही कधी कधी. बाहेर काढलेली भांडी, कात्र्या, पुसलेले कागद यांच्याबाबतही हीच सावधगिरी बाळगा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताच्या अंतरावर ठेवा.

पाउच सेल असेल तर काम सोपं. दोन्ही टॅबवर (बाहेर आलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) वीजरोधक कॅप्टॉन टेप गुंडाळा, सिरॅमिक कात्रीने तीन कडा कापा आणि पाकीट उलगडा. थर एकेक करून सोडवताना घाई केली की विभाजकाला (दोन इलेक्ट्रोडमधल्या पातळ पडद्याला) कॅथोडचा काळा लेप चिकटून येतो. मग तो मुळातच सुटला होता की आपण ओढला, हे कुणालाच सांगता येत नाही.

ॲनोड बाजूला सारू नका, आधी त्याच्याकडे बघा. रिकाम्या सेलचा ग्रॅफाइट राखाडी-काळा हवा. कुठे सोनेरी किंवा तांबूस डाग दिसला तर तिथे लिथियम अडकून राहिलं आहे. पूर्ण भरलेला ग्रॅफाइट सोनेरी असतो. चंदेरी, भुरभुरीत थर असेल तर लिथियम धातू साचला आहे. माझ्या त्या फसलेल्या अहवालातल्या सेलमध्ये कडेला बोटभर रुंदीची सोनेरी पट्टी होती. फोटोही काढला होता मी. फक्त कॅथोडच्या नादात त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

कॅथोडच्या चकत्या किमान तीन ठिकाणांहून कापा: टॅबजवळून, मधून आणि कडेवरून. त्या डायमिथाइल कार्बोनेटमध्ये मिनिटभर बुडवून सुकवा, म्हणजे इलेक्ट्रोलाइटचं वाळलेलं मीठ मोजमापात येत नाही. मात्र एक-दोन चकत्या न धुता वेगळ्या ठेवा. धुताना पृष्ठभागावरचा थरही थोडा निघून जातो, आणि पृष्ठभाग पाहायचा असेल तेव्हा नेमका तोच हवा असतो.

लिथियम परत द्या

सगळ्या पद्धतीतली ही पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारी.

इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंनी लेपलेला असतो, त्यामुळे एका बाजूचा लेप एनएमपी या द्रावकात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढा. ॲल्युमिनियम चकचकीत दिसेपर्यंत पुसा, पण दुसऱ्या बाजूला थेंब जाऊ देऊ नका. चकतीचं वजन करा, तेवढ्याच आकाराच्या कोऱ्या फॉइलचं वजन वजा करा. मग समोर लिथियम धातू ठेवून सीआर२०३२ मापाचा नाण्याएवढा कॉइन सेल बांधा. प्रत्येक ठिकाणचे निदान तीन. हाताने बांधलेल्या कॉइन सेलवर एकट्यादुकट्याने विश्वास ठेवण्याची माझी तयारी नाही. ताज्या सेलमधल्या चकत्यांचेही तेवढेच. कोऱ्या, कधीच न वापरलेल्या इलेक्ट्रोडशी तुलना करू नका, कारण पहिल्याच फेरीत सगळ्यांचंच थोडं लिथियम जातं आणि ते नुकसान तुमच्या थकलेल्या कॅथोडच्या माथी येतं.

आता मंद प्रवाहाने ४.३ व्होल्टपर्यंत चार्ज करा. हा पहिला आकडा. मग ३.० व्होल्टपर्यंत डिस्चार्ज करा आणि प्रवाह नगण्य होईपर्यंत तिथेच धरून ठेवा. निकेलबहुल कॅथोड शेवटचं लिथियम फार सावकाश आत घेतो, म्हणून हे धरून ठेवणं टाळू नका. समोर लिथियम धातूचा भला मोठा साठा आहे, त्यामुळे कॅथोडला हवं तेवढं मिळतं. मग पुन्हा ४.३ पर्यंत चार्ज. हा दुसरा आकडा.

पहिला आकडा ताज्यापेक्षा कमी, दुसरा ताज्याइतकाच: कॅथोड ठीक आहे, लिथियम हरवलं होतं. दुसराही कमी: कॅथोडने जागा गमावली आहे, आणि दुसरा आकडा ताज्यापेक्षा जेवढा कमी तेवढीच कॅथोडची खरी हानी. दुसरा कमी आहे पण प्रवाह आणखी निम्म्यावर आणला की भरून निघतो: जागा आहे, वाट अडली आहे, म्हणजे कवच, भेगा किंवा कार्बनचा तुटलेला संपर्क.

मी पाहिलेल्या बऱ्याच सेलमध्ये उत्तर मिश्र आलं आहे, मोठा वाटा लिथियमचा आणि छोटा कॅथोडचा. उलटं प्रमाण दिसलं तर मी आधी स्वतःचं वजनमाप पुन्हा तपासते.

वाट अडली असा निष्कर्ष निघाला तर एक छोटी जोड चाचणी आहे. थकलेल्या कॅथोडच्या दोन सारख्या चकत्या समोरासमोर ठेवून सममित सेल बांधा आणि त्याचा प्रतिबाध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा रोध मोजा. समोर ॲनोड नाही, लिथियम धातू नाही, त्यामुळे आलेखात अर्धवर्तुळ जे दिसतं ते कॅथोडचंच. पूर्ण सेलच्या प्रतिबाधातली अर्धवर्तुळं कुणाची, यावर मी तासन्तास वाद ऐकले आहेत; त्यातले बरेचसे या एका सेलने मिटले असते.

एक्स-रे: तीन सापळे

दुसऱ्या चार्जनंतर कॉइन सेल पुन्हा ३.० व्होल्टला धरून रिकामा करा, म्हणजे लिथियम परत आत असेल; मग तो उघडा, चकती धुवा आणि आता तिचं विवर्तन घ्या. याच क्रमाने. मी उलट्या क्रमाने केलं होतं.

तांब्याच्या नळीच्या किरणांवर, म्हणजे १.५४०६ अँगस्ट्रॉमवर, (००३) शिखर १८.७ अंशांच्या आसपास आणि (१०४) ४४.४ च्या आसपास येतं. रिकाम्या सेलमधल्या कॅथोडला लिथियम कमी पडलं असेल तर थरांमधलं अंतर वाढलेलं असतं, म्हणून (००३) डावीकडे सरकतं. त्याच वेळी थरातल्या धातूंमधलं अंतर कमी झालेलं असतं, म्हणून ६५ अंशांजवळच्या (१०८) आणि (११०) या जोडीत फट वाढते. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर ते उपाशी कॅथोडचं लक्षण. माझ्या आलेखात ती फट ढळढळीत दिसत होती, आणि मी तिलाही पडझडच म्हटलं होतं.

आता सापळे. पहिला ॲल्युमिनियम फॉइलचा. त्याची शिखरं ३८.५, ४४.७ आणि ६५.१ अंशांवर येतात, म्हणजे कॅथोडची जी तीन ठिकाणं आपल्याला बघायची असतात नेमकी तिथेच ठाण मांडून बसतात. तेव्हा लेप खरवडून पावडर घ्या. दुसरा सापळा उंचीचा: नमुना धारकात केसभर वर-खाली बसला की सगळीच शिखरं सरकतात. पावडरीत चिमूटभर सिलिकॉन मिसळा. त्याचं शिखर २८.४४ अंशांवर आलं पाहिजे, नाही आलं तर आधी तेवढी दुरुस्ती करा. तिसरा सापळा (००३) आणि (१०४) यांच्या उंचीच्या गुणोत्तराचा. ते १.२ च्या वर असेल तर निकेल आपल्या घरात आहे, असा ठोकताळा सगळीकडे सापडतो. ताज्या पावडरीसाठी तो बरा आहे. पण हे गुणोत्तर कण कसे आडवे बसले यावरही बदलतं, आणि आत लिथियम किती आहे यावरही. वापरलेल्या कॅथोडसाठी मी ते लिहीतच नाही. रिटवेल्ड पद्धतीने, म्हणजे स्फटिकरचनेवरून गणिताने काढलेला आलेख मोजलेल्या पूर्ण आलेखाशी जुळवून पाहा आणि लिथियमच्या जागी किती टक्के निकेल आहे ते काढा. आकडा ताज्या नमुन्याशेजारी ठेवा. काही टक्के निकेल ताज्या ८११ मध्येही तिथे असतंच.

याहून बोलका प्रयोग म्हणजे चार्ज केलेल्या अवस्थेतलं विवर्तन. ४.३ व्होल्टला धरून प्रवाह थांबल्यावर चकती काढा आणि हवाबंद धारकात आलेख घ्या. सगळे कण नीट चालत असतील तर (००३) एकच, सडपातळ शिखर असतं. रिकाम्या अवस्थेच्या जागी एखादं छोटं शिखर मागे राहिलं असेल, तर तेवढे कण विजेपासून तुटले आहेत, त्यांची रचना कदाचित ठणठणीत असेल. आणि शिखर दुभंगून एक भाग मधेच कुठेतरी अडकला असेल, तर ते कण लिथियम देता देता थांबले आहेत. हे खरे थकलेले. हा दुभंग पहिल्यांदा स्वच्छ दिसला त्या दिवशी मी तो आलेख छापून टेबलासमोर चिकटवला.

जे एक्स-रेला दिसत नाही

पृष्ठभागावरचं कवच काही नॅनोमीटरांपासून काही दहा नॅनोमीटरांपर्यंत असतं, आणि साध्या विवर्तनात ते दिसत नाही. एक्सपीएस (एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) वरचे पाच ते दहा नॅनोमीटर पाहतं. न धुतलेल्या चकत्या इथे उपयोगी पडतात. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये रॉक सॉल्टचा पट्टा अणूंच्या रांगांसकट दिसतो, फार सुरेख दिसतो, आणि तिथेच धोका आहे. तो एका कणाच्या एका कडेचा फोटो असतो. आधी सांगितलेले दोन आकडे हातात नसताना या फोटोवरून क्षमतेबद्दल काही बोलू नये.

भेगांसाठी इलेक्ट्रोडचा छेद घ्या, पण तो आर्गॉन आयनांच्या झोताने घासून. सँडपेपरने घासलेल्या छेदात दिसणाऱ्या निम्म्या भेगा आपल्याच कर्तृत्वाच्या असतात. इलेक्ट्रोड बनवताना रोलरखाली दाबतात तेव्हाही गोळ्या तडकतात, म्हणून ताजा छेद शेजारी हवाच. आणि दोन्ही एकाच चार्ज अवस्थेतले हवेत: भरलेल्या अवस्थेत उघड्या दिसणाऱ्या भेगा रिकाम्या अवस्थेत बऱ्याच मिटतात. एकस्फटिकी कणांचा कॅथोड असेल तर सांधेच नाहीत, तेव्हा या भेगा फारशा दिसणार नाहीत. त्यावरून कॅथोड निरोगी ठरत नाही. पृष्ठभागाचं दुखणं तिथेही असतं.

ॲनोडचा एक तुकडा आम्लात विरघळवून आयसीपीवर, म्हणजे कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणाऱ्या यंत्रावर द्या. निकेल, कोबाल्ट आणि विशेषतः मँगनीज तिथे सापडलं तर ते कॅथोडमधून आलं आहे. वजनाने ते थोडंच असतं, पण ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर बिघडवून ते आणखी लिथियम खायला लावतं. म्हणजे दोष कॅथोडचा आणि हरवलं लिथियम, असंही होतं. माझ्या मूळ प्रश्नाच्या दोन सुबक बाजू इथे एकमेकींत मिसळतात, आणि अहवालात ते तसंच लिहावं लागतं.

कॅथोड दुसऱ्या जातीचा असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत काम हलकं होतं. १९९७ मध्ये पुढे आलेला हा पदार्थ लिथियम देताना हळूहळू बदलत नाही, दोन वेगळ्या अवस्थांत विभागला जातो. त्यामुळे रिकाम्या सेलमधल्या कॅथोडमध्ये आयर्न फॉस्फेटची जितकी टक्केवारी विवर्तनात सापडेल, साधारण तितकं लिथियम हरवलं. रचना सहसा जागेवर असते.

मँगनीज स्पिनेलमध्ये आधी आयसीपीकडे धावा. तीन धनभारांचं मँगनीज दोन आणि चार धनभारांत विभागतं, आणि त्यातलं दोनवालं विरघळून निघून जातं. उष्णता आणि आम्ल याला जोर देतात. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा सगळ्यांचा थोरला भाऊ. १९८० मध्ये गुडइनफ यांच्या गटाने तो पुढे आणला, १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या सेलमध्ये तो होता. कागदावर दर ग्रॅमला २७४ मिलिअँपिअर-तास, आणि ४.२ व्होल्टपर्यंत प्रत्यक्षात १४० च्या आसपास, कारण निम्म्याहून जास्त लिथियम काढलं की रचना कुरकुरायला लागते. व्होल्टेज वर नेलेल्या सेलमध्ये पडझड शोधत असाल तर ४.५५ व्होल्टच्या आसपासच्या बदलापाशी बघा.

अहवालात

मी आता "कॅथोडची पडझड" हे दोन शब्द लिहीत नाही. "क्षमतेतली एवढी घट; त्यातली एवढी लिथियम परत दिल्यावर भरून निघाली; उरलेल्यातली एवढी मंद प्रवाहावर भरून निघाली; बाकीची निघाली नाही" अशा चार ओळी लिहिते. निकेलची टक्केवारी, भेगांचे छेद आणि ॲनोडवरचं मँगनीज त्याखाली येतं, चौथ्या ओळीचं कारण म्हणून. चौथी ओळ शून्य आली तर मायक्रोस्कोपचे फोटो कितीही भयंकर असोत, ते परिशिष्टात जातात.

उरलेल्या चकत्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात आर्गॉनखाली सीलबंद करा, वर सेलचा क्रमांक, उघडतानाचं व्होल्टेज, धुतली की नाही आणि इलेक्ट्रोडवरची जागा लिहा. पेन्सिलीने, शाई डायमिथाइल कार्बोनेटच्या एका थेंबाने पुसली जाते.